कृत्तिका दिसताहेत तोवर

सरकारी कंपनीत वाया गेलेला फोटो फेकता येत नाही. तो राइट-ऑफ करावा लागतो, राइट-ऑफला कमिटी लागते, आणि कमिटीची मीटिंग कधी होत नाही. त्यामुळे आमच्या फोटो सेक्शनच्या लोखंडी कपाटात वाया गेलेल्या प्रिंटांचे गठ्ठे साठत गेले. आमचे किस्सेही तसेच साठले. मी रिटायर झाले तेव्हा कपाट तिथेच राहिलं, किस्से मात्र माझ्याबरोबर घरी आले. भिशीत, लग्नात, कुठेही कुणी विषय काढला की मी सुरू होते. लोक हसतात. हसू देत. मला त्यातल्या निम्म्यांवर अजून हसू येत नाही.

नव्वदची ती वर्षं, गाव बंगळुरू. कंपनी यंत्रं बनवायची आणि आम्ही त्या यंत्रांचे फोटो. सेक्शनमध्ये माणसं मोजकी. फोटोग्राफर विश्वास सबनीस, सांगलीकडून नोकरीसाठी आलेले. रिटचिंगला, म्हणजे प्रिंटवरचे डाग ब्रशने बुजवायला, तुकोजीअण्णा. ते चामराजपेटचे, त्यांच्या घरची मराठी कित्येक पिढ्या कानडीत मुरलेली. डार्करूम माझ्याकडे. आणि आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर पुण्याचे पेंडसेसाहेब, ज्यांना फोटोग्राफीतलं फोटो सोडून सगळं कळायचं.

*

सबनीस नोकरीच्या वेळात गिअरबॉक्सचे फोटो काढायचे आणि उरलेल्या वेळात आकाशाचे. राहायला इंदिरानगरला होते, पण तिथे दुकानं वाढली, दिवे वाढले, तारे दिसेनासे झाले. म्हणून स्कूटरला स्टँड बांधून के. आर. पुरमच्याही पुढे, माळरानावर जायचे.

एकदा त्यांनी रंगीत रोल घराजवळच्या लॅबमध्ये टाकला. संध्याकाळी आणायला गेले तर लॅबवाल्याने अतिशय दुःखी चेहरा करून सांगितलं की सार, रोलमध्ये काहीच नाही, फुल कोरा आहे, कॅमेरा दुरुस्तीला टाका. प्रिंट काढल्याच नव्हत्या. वर निगेटिव्ह कापून दिली होती. काळं आकाश निगेटिव्हवर कोरंच येतं; एक फोटो कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते त्याला दिसेना, म्हणून त्याने अंदाजाने कात्री चालवली. मृग नक्षत्राचं डोकं एका पट्टीत आणि पाय दुसऱ्या पट्टीत!

शेवटी तोडगा त्यानेच सुचवला. रोलचा पहिला फोटो उजेडातल्या कशाचातरी काढा, म्हणजे मला माप कळेल. तेव्हापासून सबनीसांच्या प्रत्येक रोलचा पहिला फोटो फाटकाशी उभ्या असलेल्या वहिनींचा. वहिनी म्हणायच्या, "आकाशाच्या आधी माझा नंबर लागला, तो त्या लॅबवाल्यामुळे." हे त्या हसत म्हणायच्या असं सबनीसांचं मत होतं.

*

डार्करूममध्ये सगळेच आंधळे असतात. तिथल्या लाल उजेडात आम्ही सगळेच हाताने चाचपत वावरायचो, त्यामुळे सबनीसांचं काही वेगळं आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

एका दुपारी लाइट गेले. आमच्या मजल्यावरच्या पॅसेजला खिडकी नव्हती, पण लांबून जिन्याचा थोडा उजेड यायचा. बाकीचे कुरकुरत चालायला लागले. सबनीस मात्र भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मी पुढे जाऊन परत आले तरी ते तिथेच, दोन्ही तळवे भिंतीला टेकवलेले. मी काय झालं विचारलं. काही नाही, लाइट येईपर्यंत थांबतो, म्हणाले. मी त्यांचा हात धरला आणि जिन्यापर्यंत नेलं.

मग डार्करूममध्ये त्यांनी सांगितलं. रातांधळेपणा होता, आणि तो वाढत जाणारा होता. संध्याकाळनंतर स्कूटर बंद केली होती, माळरान बंद झालं होतं. "आकाशात आता मोठे मोठे तेवढेच दिसतात, सुमनताई," ते म्हणाले. "बारीक सगळे गेले. फोटोत मात्र सगळे आहेत." डॉक्टरांनी एकच ताकीद दिली होती. उजेडातलं बारीक दिसतंय तोवर घाबरू नका. ज्या दिवशी चांगल्या उजेडातही बारीक दिसेनासं होईल, त्या दिवशी धावत या.

त्यांच्या घरी म्हणे लहानपणी मुलांना अंगणात उभं करून कृत्तिका मोजायला लावत. नजर चांगली की नाही ते त्यावरून ठरायचं. सबनीसांकडे कृत्तिकांची एक निगेटिव्ह होती, माळरानावर काढलेली शेवटची. तिच्यात एका कोपऱ्यात तो बारीक झुबका, मग रोहिणी, मग मृग, आणि खाली व्याध, आणि मधली सगळी जागा ताऱ्यांच्या चुऱ्याने भरलेली. तो फोटो मोठा करून चांगल्या उजेडात कुठेतरी लावायचा, आणि रोज सकाळी त्याच्यासमोर उभं राहायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. "कृत्तिका दिसताहेत तोवर मी ठीक," असं म्हणाले. डोळे अधू झालेल्या फोटोग्राफरला कंपनी स्टोअरमध्ये बसवते हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, म्हणून हे डार्करूमच्या बाहेर गेलं नाही.

*

ऑफिसर्स क्लबने फोटोंचं प्रदर्शन भरवलं, विषय निसर्ग. सबनीसांनी जुन्या निगेटिव्हमधली एक दिली. तिच्यात कॅमेऱ्याचं झाकण बराच वेळ उघडं ठेवलेलं होतं, त्यामुळे ताऱ्यांच्या गोल गोल रेघा उमटल्या होत्या, ध्रुवाभोवती फेर धरल्यासारख्या. इतका देखणा फोटो त्या क्लबच्या भिंतीने आधीही पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

परीक्षक शहरातले कुणी मोठे स्टुडिओवाले होते. त्यांनी फोटोसमोर उभं राहून मान हलवली आणि सांगितलं की कॅमेरा हलला आहे, पुढच्या वेळी स्टँड वापरा. सबनीस नम्रपणे म्हणाले, "कॅमेरा नाही सर, पृथ्वी हलली."

परीक्षक पुढच्या फोटोकडे वळले. पण शेजारी पेंडसेसाहेब उभे होते. ते म्हणाले, "सबनीस, पृथ्वी सगळ्यांचीच हलते. बाकीच्यांचे फोटो नीट आलेत."

पहिलं बक्षीस साहेबांच्या कुंडीतल्या गुलाबाला मिळालं.

*

तुकोजीअण्णांविषयी मला वाईट बोलवत नाही. हात देवाने दिलेला होता. त्यांचे वडील चामराजपेटात स्टुडिओचे पडदे रंगवायचे, आणि अण्णाही सुट्टीच्या दिवशी तेच करायचे. निळंजांभळं आकाश, त्यात चांदण्या. चांदण्या काढायची त्यांची पद्धत मी डोळ्यांनी पाहिली आहे. दात घासायचा ब्रश पांढऱ्या रंगात बुडवायचा आणि अंगठ्याने पडद्यावर उडवायचा. त्या आकाशापुढे बसून निम्म्या चामराजपेटाने लग्नानंतरचे फोटो काढून घेतले होते. सबनीसांनी एकदा त्यांना विचारलं की यातलं हे नक्षत्र कुठलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "आमचं आकाश हाय, सार. आमच्या मनानं स्वल्प इकडं, स्वल्प तिकडं."

ऑफिसात मात्र त्यांचा एकच नियम होता. पांढरा ठिपका दिसला की धूळ, आणि धूळ दिसली की बुजवायची. हा नियम त्यांना पेंडसेसाहेबांनी घालून दिला होता आणि अण्णांनी तो व्रतासारखा पाळला. एकदा कॅटलॉगसाठी आम्ही धान्य चाळायच्या यंत्राचा फोटो काढला. चाळणीची भोकं उठून दिसावीत म्हणून सबनीसांनी मागून दिवा लावला. बारीक बारीक पांढरे ठिपके, सुंदर आले. अण्णांनी मान मोडून काम केलं आणि एकूण एक भोक बुजवलं.

कॅटलॉग छापून बाहेर गेला. गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं की या चाळणीतून धान्य खाली कसं पडतं. साहेबांची बोलणी सबनीसांना बसली, कारण भोकं धुळीसारखी दिसतील असा फोटो काढलाच कसा! अण्णांना त्या वर्षी कामातल्या स्वच्छतेबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं.

*

मग कॅलेंडर. कंपनीच्या कॅलेंडरसाठी साहेबांना काहीतरी हटके हवं होतं. कुणीतरी सबनीसांचं नाव सुचवलं, आणि सबनीसांनी मोठ्या आशेने मृगाचा एक रंगीत फोटो दिला. मृगाच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण, आणि डावीकडे खाली तो बाण मारणारा व्याध.

साहेबांनी फोटो हातात घेतला आणि तो फार रिकामा वाटतो म्हणाले. चंद्र टाका. अण्णांनी चंद्रकोर रंगवली, इतकी सुरेख की बघत राहावं. फक्त कोरीच्या दोन टोकांच्या मध्ये एक तारा तसाच राहिला. सबनीस सांगायला गेले की चंद्र कोरीएवढा दिसला तरी आख्खा गोळा तिथे असतोच, त्याच्या पोटातून तारा दिसत नाही. साहेबांनी ते ऐकून घेतलं आणि तारा जास्त ठळक करायला सांगितला.

छापून आलं तेव्हा आणखी एक गंमत झाली होती. तारखांचे चौकोन बसावेत म्हणून फोटो आरशातल्यासारखा उलटा छापला होता. सबनीस कॅलेंडर घेऊन केबिनमध्ये गेले. चंद्राबद्दल काही बोलले नाहीत, नावाबद्दलही नाही. खाली "छायाचित्र: जनसंपर्क विभाग" असं होतं. ते एवढंच म्हणाले, "साहेब, व्याध उजवीकडे गेला."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग? शिकारी आहे ना? फिरणारच."

ते कॅलेंडर सबनीसांच्या घरी वर्षभर भिंतीकडे तोंड करून टांगलेलं होतं. तारखा बघायला वहिनी ते रोज उलटं करायच्या आणि परत लावायच्या.

*

मोठा धूमकेतू आला ते वर्ष कुणाला आठवतं? संध्याकाळी गच्चीवर गेलं की पश्चिमेला दिसायचा, अगदी शहरातूनसुद्धा. सगळं बंगळुरू माना वर करून उभं होतं. सबनीसही रोज गच्चीवर जायचे. वहिनी त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरून नेमक्या दिशेला वळवायच्या. दिसला का, दिसला का. नाही दिसला. आयुष्यभर ज्याची वाट पाहावी असा पाहुणा दारात आला, आणि या माणसाला त्याची शेपटीही दिसली नाही. मला त्या दिवसांत आकाशाचाच राग आला होता.

त्यांची सगळी आशा फोटोंवर होती. आमचे ऑफिसर लोक कॅमेरे घेऊन गच्च्यांवर गेलेलेच होते. रोल धुवायला आले की सबनीस स्वतः डार्करूममध्ये उभे राहायचे, टबात कागद सोडायचे आणि वाकून बघायचे. एकेक प्रिंट काळी. नुसती काळी. सगळ्यांनी फ्लॅश मारला होता, आणि फ्लॅशच्या हिशेबाने कॅमेऱ्याने लगेच पापणी मिटली होती.

पेंडसेसाहेबांचाही रोल त्यातच. ते तक्रार घेऊन आले की फ्लॅश मारूनही काही आलं नाही. "पोहोचला नसेल, साहेब," सबनीस म्हणाले. मला वाटलं, आता तरी यांना टोमणा कळेल. साहेबांनी गंभीरपणे मान डोलावली आणि मोठा फ्लॅश मागवला. तो आलाही. फोटो मोठे करायच्या एन्लार्जरला नवीन भिंग मिळावं म्हणून आम्ही कितीतरी वर्षं मागे लागलो होतो, ते काही आलं नाही.

*

आता शेवटचा. हा मी भिशीत सांगत नाही.

कंपनीने नवीन रिसेप्शन हॉल बांधला. भरपूर खिडक्या, वर ट्यूबलाइटच्या रांगा, आणि समोर एक मोठी मोकळी भिंत. चेअरमनना कॅलेंडर आवडलं होतं, म्हणून त्या भिंतीवर आकाशच हवं असा हुकूम आला. साहेबांनी सबनीसांना बोलावलं. सबनीस धावत डार्करूममध्ये आले आणि मला म्हणाले, "सुमनताई, कृत्तिका काढा."

एवढी मोठी प्रिंट आम्ही कधी केली नव्हती. एन्लार्जर आडवा करून भिंतीवर कागद ठोकला. टब पुरेना, म्हणून कागद लादीवर पसरून स्पंजने डेव्हलपरचं रसायन फिरवलं. कागद काळा पडत गेला तसा आधी व्याध उठून दिसला, मग रोहिणी, मग मृग, आणि मग मधला सगळा चुरा, मुठीने साखर उधळावी तसा. प्रिंट धुऊन उजेडात आणली तेव्हा सबनीस गुडघ्यांवर बसले आणि कोपऱ्यातल्या झुबक्यावर बोट ठेवून कृत्तिका मोजल्या. त्यांचा चेहरा मी त्याआधी असा कधी पाहिला नव्हता.

प्रिंट सुकत टाकली. दुसऱ्याच दिवशी सबनीस मोठ्या तपासणीसाठी मद्रासला गेले आणि मी भाचीच्या लग्नाला बेळगावला. आठवड्याने दोघंही एकाच सकाळी कामावर आलो. डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं होतं, उजेडातलं बारीक दिसतंय ना, मग चिंता नको. प्रिंट भिंतीवर लागली आहे हे कळल्यावर ते डबासुद्धा न ठेवता थेट हॉलमध्ये गेले. मी मागोमाग.

हॉलमध्ये लख्ख उजेड होता. सबनीस फोटोसमोर जाऊन उभे राहिले. मग एक पाऊल पुढे गेले. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि कोपऱ्यात जिथे कृत्तिका होत्या तिथे बोट ठेवलं. 

"सुमनताई, मोठे तेवढेच दिसताहेत."

मी पाहिलं. रोहिणी होती, व्याध होता, मृगाचे ठळक तारे होते. बाकी काळं, मखमलीसारखं गुळगुळीत काळं. मी म्हणाले, "सबनीस, मलाही तेवढेच दिसताहेत."

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नका," ते म्हणाले.  मी शपथ घेतली, तरी ते मान हलवत राहिले. ते खाली बसले, फोटोला पाठ करून, आणि समोरच्या खिडकीकडे बघत राहिले. मद्रासला परत जायला गाडी किती वाजता आहे ते मला माहीत आहे का, असं त्यांनी विचारलं.

तेवढ्यात तुकोजीअण्णा आले. आठवडाभर वाकून मान आखडली होती, ती एका हाताने दाबत होते. चेहरा मात्र फुललेला. "बघितलं, अक्का? साहेबांनी सांगितलं, केवढं धूळ हाय यावर, साफ करा. मोट्टे मोट्टे ते तारे म्हणून ठेवलं. बारीक धूळ सगळं काढलं. त्या कोपऱ्यात तर बुरशी लागलेली, गुच्छच्या गुच्छ. ते पण सरी केलं, नीट केलं."

मला अण्णांचा ब्रश मोडावासा वाटला. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल. पण सबनीस उठले. "अण्णा, तुम्ही पुसलंत?" त्यांनी विचारलं. "सगळं तुम्ही पुसलंत?" अण्णांनी अभिमानाने मान डोलावली. सबनीसांनी त्यांना मिठी मारली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. अण्णा माझ्याकडे बघत होते. एवढ्या वर्षांत त्यांच्या कामाचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं.

मग सबनीस बाहेर गेले, रिक्षा केली, आणि म्हैसूरपाकाचा मोठा खोका घेऊन आले. सगळ्या मजल्यावर वाटला. शिपायाला, टायपिस्टला, तुकोजीअण्णांना दोनदा. वाटत वाटत पेंडसेसाहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"कशाबद्दल, सबनीस?" साहेब म्हणाले. "तुमचं प्रमोशन तर मी थांबवलंय."

"माझा फोटो बिघडला, साहेब."

"व्हेरी गुड," साहेब म्हणाले, आणि दोन तुकडे उचलले.